विकणे आहे

मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘विकणे आहे’ ही शब्दयोजना मी शाळकरी वयापासून वाचत आलो आहे. तिच्यात कर्ता नसतो. कोण विकतो, कशासाठी विकतो, हे सांगण्याचे बंधन तिने विकणाऱ्यावर ठेवलेले नाही. माझी मोटारसायकल विकावयाची ठरली तेव्हा मैलापुरातील माझ्या गल्लीत ही सोय उपलब्ध नव्हती. येथे पहिला प्रश्न ‘का?’ हाच, किंमत त्यानंतर. आणि जेमतेम चार हजार दोनशे किलोमीटर चाललेली गाडी कोणी विकू लागला की तो ‘का’ अधिकच संशयाने उच्चारला जातो.

गाडी रॉयल एनफिल्डची मेटिअर 350. ही 2020 च्या नोव्हेंबरात बाजारात आली. मी ती पुढल्या वर्षी, सेवानिवृत्तीनंतर, घेतली. एकसष्ट हे काही फटफटी घेण्याचे वय नव्हे, असे आप्तांचे मत पडले. पण मी कोल्हापूरकडचा. आमच्या मुलखात बुलेट हे वाहन कमी आणि पदवी अधिक. अध्यापनाच्या निमित्ताने मद्रासेस आल्यावर मला उमगले, की जिला आम्ही पंचगंगेकाठची समजत होतो ती या शहराची लेक आहे. इंग्लंडमधील रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून 1955 साली एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि शहराच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. लष्कराची मागणी हे त्यामागील मोठे कारण. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, 1970 मध्ये इंग्लंडातले उत्पादनच संपले, आणि 1977 पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडात जाऊ लागली. मूळ पोथी नष्ट व्हावी आणि तिची दूरदेशी झालेली नक्कल तेवढी टिकावी, हा प्रकार हस्तलिखितांच्या अभ्यासकांना नवा नाही.

मेटिअर हे नावही रेडिचच्या 1950 च्या दशकातील एका गाडीचे. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, ठेंगणी बैठक, पाय पुढे टाकून आरामात बसण्याची तऱ्हा, असा सगळा थाट जुना. आत मात्र 349 सीसीचे नवे इंजिन, इंधनाचा हिशेब ठेवणारा संगणक आणि कंपने शमविणारा तोलदंड. त्यामुळे जुनी बुलेट ज्या धडधडीने ओसरीवरच्या तांब्याभांड्यांना वाचा फोडी, ती धडधड जवळजवळ गेलेली. या ‘रेट्रो’ प्रकाराला ढोंग म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. मर्ढेकरांनी ओवी-अभंगांच्या घाटात यंत्रयुगाचा अनुभव बसविला, त्यास कोणी ढोंग म्हणत नाही. मात्र मर्ढेकर जुन्या घाटावर पडलेला ताण उघड दाखवितात आणि कारखानदार तो झाकतो, एवढा भेद कबूल केला पाहिजे.

गाडी कमी चालली याचे एक कारण मैलापूरच. कपालीश्वराच्या भोवतीच्या चार माड वीथींतून 191 किलोंचे धूड घेऊन जाण्यापेक्षा पायी जाणारा लवकर पोहोचतो. खरा प्रवास एकच झाला: तंजावरचा. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पूर्वी मी विद्यार्थ्यांसह बसमधून जाऊन पाहिला होता. एकदा आपल्या पायी, म्हणजे आपल्या चाकांवर, जाऊन पाहावा अशी इच्छा होती. जाता-येता सुमारे सातशे किलोमीटर झाले. म्हणजे गाडीच्या एकंदर आयुष्याचा सहावा हिस्सा त्या एका शिलालेखाने घेतला.

दुसरे कारण डोळ्यांचे. मोतीबिंदू समोर पडदा धरतो, त्यामुळे तो कळतो; काचबिंदू कडा खातो, आणि मध्यभाग शाबूत असल्याने माणसास पत्ता लागत नाही. तपासणीच्या वेळी एका पांढऱ्या अर्धगोलात नजर मध्ये खिळवून बसवितात. आजूबाजूस बारीक दिवे चमकतात, दिसला की कळ दाबावयाची. मला वाटले, मध्येच यंत्र थांबले असावे. ते थांबले नव्हते. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाचे थेंब घालून उरलेली राखावयाची. पुस्तक वाचता येते, चेहरा ओळखता येतो. पण मैलापुरात रस्त्यावर जे येते ते कडेनेच येते: कचेरी रोडला वळणारी रिक्षा, टोपली सावरत उठणारी फुलवाली, आजीचा हात सोडून धावणारे पोर. डॉक्टरांनी मनाई करण्यापूर्वीच मी किल्ली खिळ्याला लावली होती.

लझ कोपऱ्यावरच्या एका दलालाने एक लाख वीस हजार सांगितले आणि गाडीकडे न पाहता सांगितले. त्यानंतर तो तरुण आला. तंजावरी मराठी घराण्यातला. आडनावाच्या जागी ‘राव’, दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी मृदंग. त्याच्या घरची मराठी ज्यांनी ऐकली नाही त्यांना तिची गोडी सांगणे कठीण: आपल्याकडून केव्हाच निसटलेली रूपे तिच्यात जिवंत असतात आणि शेजारी तमिळ शब्द निःसंकोच मांडी घालून बसलेले असतात. तंजावरच्या मृदंगवादनात नारायणस्वामी अप्पांसारख्या मराठी वादकांचे स्थान केवढे आहे, हे त्याने मला अभिमानाने सांगितले. मला ठाऊक होते, तरी ऐकून घेतले. ही काही धर्माची गाय नव्हती, दात मोजण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. साखळी, टायर, मागून मोटार लागून पडलेला पोचा, सर्व त्याने पाहिले. मग गाडी सुरू करून टाकीवर बोटांनी ठेका धरला. मार्गळीत एका सभेतून दुसऱ्या सभेत वेळेवर पोहोचावयाचे, तेही तग्गु आणि हेच्चु अशा दोन्ही श्रुतींचे मृदंग घेऊन. म्हणून मागच्या बैठकीची रुंदी त्याने वितीने मोजली.

एक लाख पंचेचाळीस हजार ठरले. त्याच्यापाशी नव्वद होते. नव्वद आता घ्यावे, गाडी द्यावी, राहिलेले मार्गळीनंतर, आणि कागद सर्व फिटल्यावर करावे, असा त्याचा प्रस्ताव. त्यात त्याला माझेच हित दिसत होते. मी उलट सांगितले: पैसे सावकाश दे, कागद आज कर. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावे नोंद तोच मालक. गाडी देऊन टाकली तरी नोंद न बदलल्यास अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. पैशांबाबत मी त्याच्यावर विश्वास टाकावा आणि कागदाबाबत टाकू नये, हे त्याला चमत्कारिक वाटले. किंचित लागलेही असावे. घरच्यांना हे शुद्ध अव्यवहाराचे वाटले: नावही गेले, गाडीही गेली, पंचावन्न हजार हवेत. मला मात्र या दोन भरवशांत फरक दिसतो. पैसे बुडाले असते तर माझे बुडाले असते. गाडीखाली कोणी सापडले असते, तर जिची कड दिसत नाही म्हणून मी गाडी सोडली त्याच रस्त्यावर माझे नाव फिरत राहिले असते.

मंदवेलीच्या परिवहन कार्यालयासाठी नमुना 29 आणि 30 भरले. विकल्याची सूचना चौदा दिवसांत द्यावयाची असते. आम्ही दुसऱ्या दिवशी दिली. त्या अर्जात ‘का’ असा रकाना नाही.

पोंगलनंतर रक्कम तीन हप्त्यांत आली. दोन फोनवरून, शेवटचे पंधरा हजार घेऊन तो स्वतः आला, कारण सोबत आजीची वही होती. तिच्या वडिलांच्या हरिकथेतल्या साक्या आणि दिंड्या देवनागरीत, समासात तमिळ टिपणे. अर्थ लावून द्या, असे म्हणाला. रोज दोन पाने होतात. चौथ्या साकीतील एक शब्द अद्याप लागलेला नाही.