वेसाव्याची तर

आमचे धाकटे चिरंजीव व सूनबाई गेल्या वर्षीं ग्रीस देशाची सफर करून आलीं. परत आल्यावर सारें घर त्यांच्याभोवतीं कोंडाळें करून बसलें, हें सांगावयास नकोच. अथेन्सच्या देवळांच्या हकीकती झाल्या, ऑलिव्हच्या बागांच्या झाल्या. परंतु चिरंजीवांस खरी गोडी लागली होती ती तेथें बोटीनें एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याची. पारोस आणि नाक्सोस हीं दोन बेटें शेजारीं शेजारीं आहेत. मोठी बोट धक्क्यास पाठ लावून उभी राहते, तिचा मागचा दरवाजा पुलासारखा खालीं पडतो, आणि माणसें, मोटारी, भाजीपाल्याचे खटारे एकदमच आंत शिरतात. तासाभरांत पलीकडचें बेट! त्या देशांत मनुष्यवस्ती असलेलीं बेटें दोनशेंहून अधिक आहेत. तेव्हां तेथील पुष्कळांचें टपाल, औषध आणि लग्नाचें वऱ्हाडदेखील या बोटींच्याच भरंवशावर असतें.

इतकें ऐकून आमच्या दहा वर्षांच्या नातवानें प्रश्न टाकला, "आजोबा, तुम्ही कधीं असे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलांत का हो?"

आम्ही म्हटलें, "अरे, तुझे बाबा रोज कचेरीस जातात ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावरच!"

मुलास ही थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हे. आमचें वांद्रें म्हणजे साष्टीच्या बेटाचें दक्षिण टोक. साष्टी हें नांव 'षट्षष्टि' या संस्कृत शब्दावरून, म्हणजे सहासष्ट गांवांवरून, आलें असें सांगतात. पलीकडे माहीम, तें मुंबईचें बेट. टॉलेमी नांवाच्या ग्रीक भूगोलवेत्त्यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ज्या सात बेटांचा 'हेप्टानेशिया' म्हणून उल्लेख केला, तीं हींच असें समजतात. म्हणजे ग्रीकांस आमचीं बेटें आमच्या नातवाच्या आधीं ठाऊक होतीं! १७३७ ते १७३९ च्या स्वारींत साष्टी मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतली. त्यानंतर १७७४ सालीं इंग्रजांनीं ती बळकावीपर्यंत या खाडीच्या अलीकडे पेशव्यांचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांचा. ती सरहद्द अद्यापि सर्वस्वीं पुसलेली नाहीं. वांद्र्याची रिक्षा आजही माहीमची खाडी ओलांडीत नाहीं. तिकडे जावयाचें तर टॅक्सी करा, नाहीं तर बस धरा.

पूर्वीं ही खाडी होडीनेंच ओलांडावी लागे. पावसाळ्यांत तें काम जिवावरचें असे. १८४१ सालीं तेथें कित्येक नावा उलटून माणसें बुडालीं. कंपनी सरकार पुलास पैसा देईना. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनीं तो खर्च आपल्या शिरावर घेतला. तो वाढत वाढत दीड लाख रुपयांच्या वर गेला, तरी त्या मागें सरल्या नाहींत. अट एकच घातली, ती ही कीं, येणाऱ्याजाणाऱ्यापासून कर म्हणून कांहीं घ्यावयाचें नाहीं. १८४५ सालीं रस्ता खुला झाला आणि वांद्र्याची तर बंद पडली.

'तर' हा शब्द ऐकून नातवानें पुन्हां तोंड उघडलें. आमचा शाळामास्तराचा पिंड. आम्हांस तेवढेंच निमित्त पुरतें. संस्कृतांत 'तॄ' म्हणजे तरून जाणें. त्या धातूपासून तर, तरी म्हणजे नाव, आणि त्याच धातूपासून 'तीर्थ'. तीर्थ म्हणजे मुळांत नदी उतरून जाण्याची जागा; देऊळ तेथें मागाहून आलें. नावेच्या भाड्यास 'उतराई' म्हणतात आणि उपकार फेडणाऱ्यासही आपण 'उतराई झाला' असेंच म्हणतों. चिरंजीव हळूच उठून गेले, पण नातू मात्र बसून होता. त्याला तर दाखविण्याचें आम्ही त्याच दिवशीं कबूल केलें.

सुदैवानें तर पाहावयास पारोसला जावें लागत नाहीं. वांद्र्याहून लोकलनें अंधेरी, तेथून मेट्रोनें वरसोवा, आणि पुढें रिक्षानें वेसावें कोळीवाड्याचा धक्का. समोर मालाडच्या खाडीचें मुख, आणि त्यापलीकडे मढ. मढला लोक 'आयलंड' म्हणतात. उत्तरेकडून मार्व्याच्या रस्त्यानें तें आज जमिनीस जोडलेलें आहे, हें आम्हांस ठाऊक आहे; चिकित्सक वाचकांनीं पत्रें लिहिण्याची तसदी घेऊं नये. त्या रस्त्यानें गेल्यास वीस-बावीस किलोमीटरांचा वळसा पडतो. तरीनें पांच मिनिटें.

माघ महिन्यांतील सकाळ होती. सुक्या मासळीच्या वासानें आमच्या सौभाग्यवतींनीं पदर नाकास लावला, तो पाणी जवळ आल्यावर मात्र भीतीनें कमरेस खोंचला. नावेंत चढावयास एक फळी टाकलेली होती. तीवरून आधीं दोन मोटारसायकली गेल्या, मग पाट्या घेतलेल्या कोळणी, मग दप्तरें पाठीस लावलेलीं मुलें, आणि शेवटीं आम्ही. सौभाग्यवतींनीं एका हातानें नातवाची कॉलर व दुसऱ्या हातानें आमचा दंड धरिला होता. इंजिन धडधडूं लागलें, शेवाळलेल्या दोरांचे वेढे सुटले. डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे कांदळवन, मागें वेसाव्याच्या होड्यांचीं निशाणें. तांडेल सुकाणूवर एक पाय ठेवून निवांत उभा होता. बोट ग्रीकांच्या मानानें अगदींच लहान. पण पाणी तेंच, आणि आपल्या खालीं जमीन नाहीं ही जाणीवही तीच.

उतराई देतांना आम्हांस मनुस्मृतींतील दर आठवले, व ते आम्ही बोलून दाखविले. रिकाम्या गाडीस एक पण, ओझेवाल्या माणसास अर्धा, पशूस व स्त्रीस पाव, आणि मोकळ्या हातानें चाललेल्या पुरुषास त्याच्याही निम्मा.

"म्हणजे म्हैस आणि बायको एका दरांत, आणि रिकामटेकडा पुरुष सर्वांत स्वस्त?" सौभाग्यवती म्हणाल्या. शेजारची कोळीण मोठ्यानें हंसली. आम्ही घाईघाईनें पुढचें कलम सांगितलें: दोन महिन्यांवरील गर्भिणीस उतराई माफ, आणि नावाड्यांच्या चुकीनें कांहीं नासलें तर सर्व नावाड्यांनीं मिळून भरून द्यावें, दैवी कोप झाला तर मात्र त्यांजकडे दोष नाहीं.

"गर्भारशीला माफ," ती कोळीण म्हणाली. आणि तिचें हंसूं मावळलें.

येथें एक कबुली दिली पाहिजे. या लेखाचा आरंभ आम्ही घरींच मनांत जुळवून नेला होता. वेसावें आणि मढ यांच्यामध्यें पूल बांधण्याचें महानगरपालिकेनें योजिलें आहे. तो होऊं नये, ही तर राहावी, अशा अर्थाचे दोन-तीन घोटीव परिच्छेद तयार होते. तेच आम्ही त्या बाईंस ऐकविले.

तिनें ते नीट ऐकून घेतले. मग पाटीवर हात ठेवून सांगूं लागली. तिची सून आषाढांत अडली होती. रात्रीची वेळ, वारा भरलेला, तर बंद. समोर वेसाव्याचे दिवे दिसत होते. हांक मारली तर ऐकूं जाईल इतके जवळ. रिक्षा मिळाली ती मार्व्याच्या वाटेनें मालाडकडे निघाली, आणि नात रिक्षांतच झाली. "वांचली दोघी," ती म्हणाली, "पन तुमी आज आलां, मजा केलीत नि गेलां. आमचं रातचं काय?"

तर मग पूल हवाच ना, असें आम्ही विचारलें. त्यावर ती लगेच हो म्हणाली नाहीं. पुलाचे खांब खाडीच्या तोंडांत कोठें येणार, होड्या त्यांतून कशा जाणार, मासळी वाळविण्याची जागा राहणार कीं त्या जागीं इमारती येणार, हें तिला कोणी सांगितलेलें नव्हतें. तिच्या घरांतही यावरून दोन पक्ष आहेत. नवरा नको म्हणतो. सून हवा म्हणते.

इतक्यांत मढचा धक्का आला. फळी पडली. ती बाई पाटी उचलून, आमच्या आधीं, पाय न अडखळतां उतरून गेली.

मढास आम्ही किल्ल्यापर्यंत गेलों. तो पोर्तुगीजांनीं बांधिलेला व १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतलेला. आज तो वायुदलाच्या ताब्यांत असल्यानें परवान्यावांचून आंत जातां येत नाहीं. नातवानें तट बाहेरूनच पाहिला. जवळच किल्लेश्वराचें देऊळ आहे, तेथें नारळ ठेविला. समुद्राकडे तोंड करून दहा मिनिटें बसलों, आणि ऊन चढूं लागलें तसे परतलों. परतीच्या नावेंत सौभाग्यवतींनीं आमचा दंड सोडला होता. समोरचा वेसाव्याचा किनारा त्या बराच वेळ टक लावून पाहत होत्या. "एवढंसंच तर पाणी," असें कायसें पुटपुटल्या, व गप्प झाल्या.

ते घोटीव परिच्छेद आम्ही फाडून टाकले.

दुसऱ्या दिवशीं कांहीं कामानिमित्त नातवास घेऊन माहीमास जावें लागलें. बस वांद्र्याहून निघाली. उजवीकडे दूरवर २००९ सालीं खुल्या झालेल्या सागरी सेतूच्या तारा दिसत होत्या. खालीं मिठी नदीचें काळें पाणी भरतीनें फुगलें होतें. बसमधील कोणीही तें पाहिलें नाहीं. सर्वांचीं तोंडें आपापल्या फोनांत. नातू मात्र खिडकीशीं नाक लावून बसला होता. बस माहीमच्या बाजूस लागली तशी त्यानें विचारलें, "आजोबा, येथली उतराई कोणाला द्यायची?"