रुपये, पैसे आणि कल्याणचा सिग्नल

बदलापूरला आईकडे जाताना लोकल कल्याणच्या अलीकडे थांबते आणि डब्यात कुरकुर सुरू होते. मी मात्र त्या लाल सिग्नलकडे आदराने बघते. पुढे कर्जत आणि कसारा असे दोन मार्ग फुटतात. सांधे योग्य बाजूला वळून पक्के झाल्याशिवाय तो सिग्नल सुटतच नाही. याला इंटरलॉकिंग म्हणतात. रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटची तार तुटली, तरी तो लालच होतो. इथे माणसाच्या सावधपणावर भिस्त नाही, चूक करायची वाटच बंद केलेली आहे. प्रोग्रामिंगची भाषा मला अशी हवी.

वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना ग्राहकांना पैसे परत करायचा कोड मी लिहिला होता. रक्कम साधा पूर्णांक. मी पाठवत होते पैसे, पुढचा कोड त्यांना रुपये समजत होता. 1,250 रुपयांचे झाले 1,25,000. बँकेच्या प्रणालीने ते नाकारलं, एक्सेप्शन आलं आणि माझ्याच कॅचमध्ये, म्हणजे चूक पकडणाऱ्या भागात, गडप झालं. त्या महिरपी कंसांत एक ओळही नव्हती. लोकांचे पैसे दोन दिवस अडकले आणि आमच्या पडद्यावर सगळं आलबेल!

1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान याच जातीच्या चुकीने गेलं. एका बाजूचे आकडे पाउंड-सेकंदांत, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंदांत धरून चाललेली. आकडा होता, एकक हरवलं होतं.

म्हणून रुपया आणि पैसा हे दोन वेगळे टाइप हवेत, एकाच्या जागी दुसरा दिला तर कोड कंपाइलच होऊ नये. फंक्शन फसू शकतं हेही त्याच्या सहीतच दिसायला हवं. रस्ट या भाषेत ते आहे: असं फंक्शन रिझल्ट देतं, म्हणजे किंमत किंवा चूक, आणि आतली किंमत हवी असेल, तर चुकीचं काय करणार ते लिहावंच लागतं. पण किंमत नकोच असेल आणि रिझल्ट तसाच सोडला, तर कंपायलर फक्त इशारा देतो. मला तिथे ठाम नकार हवा. माझा परताव्याचा कोड नेमका तसाच होता, उत्तराकडे न बघणारा.

आता आमच्या टीममध्ये आम्ही रुपया आणि पैसा वेगळे टाइप केले आहेत आणि तो इशारा नकारात बदलून घेतला आहे. परवा एका नव्या मुलाने रुपयांच्या जागी पैसे दिले. कंपायलरने त्याला भरदुपारी, त्याच्या खुर्चीतच अडवलं.