नीरेकाठची नोंद

पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्या माणसाला सारोळे दिसते ते एवढेच : किकवी मागे पडते, रस्त्याच्या कडेची हॉटेले येतात, उसाचे हिरवे तुकडे येतात, आणि मग नीरेचा पूल. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपला. पलीकडे शिरवळ, सातारा जिल्हा. महाबळेश्वरला जाताना या पुलावरून मी निदान पंचवीस वेळा गेले असेन, आणि दर वेळी पेंगत नाही तर शेंगा सोलीत! आपली आजी या पुलाच्या अलीकडे जन्मली, हे ठाऊक असून!

या श्रावणात मात्र मी सारोळ्याला मुद्दाम उतरले. पाठविले आत्याने. आत्याचे वय सत्त्याऐंशी. तिची आई, म्हणजे माझी आजी, १९४७ साली वारली तेव्हा आत्या नऊ वर्षांची आणि माझे वडील मांडीवरचे. त्या दिवसापासून आत्याच्या मनात आजोळाविषयी अढी आहे. "लेक गेली, नातवंडे उघडी पडली, पण आईच्या आईला एकदा नदी ओलांडवली नाही!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अलीकडे तिला आणखी एक ध्यास लागला होता. लग्नात तांदळावर नवे नाव लिहिले आणि आजीचे माहेरचे नाव पुसले गेले. ते सांगणारे आता कोणीच उरले नाही. "कुठल्या तरी कागदावर असेलच की," आत्या म्हणाली. "तू एवढी एम. ए. झालीस, तेवढे शोधून आण."

मला आधी वाटले, लग्नाचा दाखला काढावा. त्यात दोन्ही नावे मिळतील. पण लग्न १९३२च्या सुमाराचे. लग्ननोंदणीचा मुंबई राज्याचा कायदा आला १९५३ साली, आणि आज ज्या कायद्याने आपण नोंदणी करतो तो तर १९९८चा. त्याआधी आपल्याकडे लग्नाचा पुरावा म्हणजे अक्षता टाकणारी माणसे. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी कोणी वही धरली नव्हती. तेव्हा उरला जन्माचा दाखला.

सारोळ्याच्या ग्रामपंचायतीतले ग्रामसेवक मोठे अगत्यशील निघाले. चहा आला. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्याच्या आधीचे दप्तर आमच्याकडे नाही, असे त्यांनी सांगितले. "तुम्हाला पाहिजे कोतवाल बुक. गाव नमुना नंबर चौदा. ते भोरला तहसिलीत. साल अंदाजे सांगा, बापाचे पूर्ण नाव द्या आणि अर्जाला कोर्ट फी स्टँप लावा." उठता उठता ते आणखी एक म्हणाले, "जन्माचा उतारा कोणीही मागू शकतो. मृत्यूचाही मिळतो, फक्त मरणाचे कारण त्यात देता येत नाही. कलम सतरा." मला तेव्हा या कलमाशी काही कर्तव्य नव्हते. मी जन्म शोधायला निघाले होते.

भोरच्या गाडीला अवकाश होता, म्हणून नदीवर गेले. पावसाने नीरा गढूळ आणि रुंद झाली होती. पुढे वीरच्या धरणाकडे निघाली होती. डोक्यावरून मालमोटारींचा धडधडाट अखंड चालू. पैलतीरावरचे झाडन् झाड मोजता येत होते. एवढेसे अंतर! त्या क्षणी आत्याची अढी मला पहिल्यांदाच पटली. एवढे पाणी एखाद्या आईने ओलांडू नये?

भोर म्हणजे पंत सचिवांचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले आणि पुणे जिल्ह्याचा तालुका झाला. अभिलेख कक्षात गर्दी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठी जुन्या वह्यांना भाव आला आहे. वह्या मोडीत, आणि मोडी वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला मोडी येते हे कळताच कारकुनाने माझ्यापुढे आधी दुसऱ्यांचेच तीन अर्ज सरकविले! ते वाचून दिल्यावर माझी वही आली. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते की मोडी पोटापाण्याची नाही; ते विधान मी आता मागे घेतले आहे.

ऑक्टोबर १९१८. बापाचे नाव सापडले. त्यापुढे तारीख, आणि त्यापुढे एकच शब्द : 'मुलगी'.

नाव नव्हतेच. असणार तरी कसे? बारसे बाराव्या दिवशी, आणि कोतवाल वर्दी देणार त्याआधीच. आईच्या नावाला तर रकानाच नव्हता. यात आपणच मागासलेले असे समजून खजील व्हायचे कारण नाही. इंग्लंडात १८३७ पासून नोंदणी चोख आहे, पण तिथल्या लग्नाच्या दाखल्यावर वधूवरांच्या बापांचीच नावे असत. आयांना जागा मिळाली ती २०२१ साली. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आले.

वही मिटणार होते. पण सवयीने मृत्यूचा भाग चाळला. त्या महिन्याची पाने संपता संपत नव्हती. एकच हस्ताक्षर, पुढे पुढे घाईचे आणि वाकडे होत गेलेले. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप'. हीच ती मानमोडी, इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसे घेऊन गेली. बाळंतिणींना तर तिने वेचून नेले. आणि त्या पानावर तेच बापाचे नाव पुन्हा आले. मुलीच्या जन्मानंतर नवव्या दिवशी. 'याची बायको. वय १९.'

मी दोन्ही नकला मागितल्या. मृत्यूच्या नकलेत कारकुनाने कारणाचा रकाना कोरा सोडला होता.

रात्री आत्याने भिंग घेऊन दोन्ही कागद पाहिले. 'मुलगी' या शब्दावर बराच वेळ बोट ठेवले.

"आणि ही बायको म्हणजे कोण?"

"तुझ्या आईची आई. आजी नऊ दिवसांची होती तेव्हा."

आत्या काही बोलली नाही. भिंग पुसले, पुन्हा पाहिले. "म्हणजे मी सत्तर-पंचाहत्तर वर्षे शिव्या दिल्या त्या..." तिने वाक्य सोडून दिले. मग कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारले, "कशाने गेली?"

कलम सतरा मला आठवले. पण ते पान मी डोळ्यांनी पाहिले होते. मी सांगितले.

पुढे भाद्रपदात अविधवा नवमी आली. आत्याने सकाळीच निरोप धाडला की या खेपेस एक पान जास्त मांडा. गुरुजींनी रीतीप्रमाणे नाव विचारले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"सारोळ्याची आजी म्हणा," आत्या म्हणाली.