लक्ष्याचा कागद

गेल्या दिवाळींत लातुराहून नातू नांदेडास आला तो हवेची बंदूक घेऊनच. स्वप्नील कुसाळे ह्या कोल्हापूर जिल्ह्यांतील नेमबाजानें २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासूनचें हें वेड. लक्ष्यें आखण्याचें काम आम्हांकडे आलें. काटकसर म्हणून आम्ही वर्तमानपत्रावर वर्तुळें काढलीं. छर्रा अवघा ४.५ मिलिमीटरचा, पण कागद असा टरकला कीं नेम आठाचा कीं नवाचा, कळेना. आम्ही (मास्तरच पडलों!) आठ दिले. पोर कांहीं बोललें नाहीं. बंदूक मात्र ठेवून दिली.

सकाळीं जुन्या लग्नपत्रिकेची जाड, कोरी बाजू घेतली. छिद्र स्वच्छ वाटोळें पडलें. कडा रेघेस शिवली कीं वरचा गुण, हा तर नियमच. कालचे आठ खोडून नऊ लिहूं लागलों, तों तो म्हणाला, "आजोबा, आठच असूं द्या."