मासळीच्या गोदामातलं नाटक

छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांच्या आठवणी सांगताना एक जुने रंगकर्मी सहज म्हणाले, "अमेरिकेचं छबिलदास मासळीच्या गोदामात जन्मलं." ते डोक्यातून जाईना. शेवटी बॉस्टनहून बोट धरली.

केप कॉडच्या टोकावरचं प्रॉव्हिन्सटाउन बोटीने दीड तासावर. 1620 साली मेफ्लॉवर जहाजाचे प्रवासी आधी इथे उतरले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी मनोरा मी खालूनच पाहिला. खोलीचं भाडं अवाच्या सवा, आणि खिडकीखाली रात्रभर गाणीबजावणी. पण मला ओढ होती लुईस धक्क्याची.

तो धक्का आता उरलेला नाही. कमर्शियल स्ट्रीटवरून पूर्वेला चालत गेलं की खुणेचा फलक दिसतो, आणि पलीकडे समुद्र. धक्का लेखिका मेरी हीटन व्होर्स यांचा. त्यावरच्या मासळीच्या गोदामात जॉर्ज क्रॅम कुक, त्यांच्या पत्नी सुझन ग्लास्पेल आणि मित्रमंडळींनी रंगमंच उभारला. 28 जुलै 1916 ला तिथे यूजीन ओनीलचं पहिलं नाटक झालं, 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ'. जहाजावर मरणाऱ्या खलाशाची गोष्ट, बाहेर खरं धुकं, फळ्यांखाली खरी भरती!

गावाचा इतिहास सांगणारे एक गृहस्थ ओनीलच्या पुढे जाईनात. 1936 चं नोबेल त्यांनी दोनदा ऐकवलं. ग्लास्पेलबाईंचं काम काय, तर ओनीलला हेरलं. मी तिथेच वाद घातला. ओनीलनंतर अकराच दिवसांनी, 8 ऑगस्टला, त्याच फळ्यांवर बाईंचं 'ट्रायफल्स' उभं राहिलं. नवऱ्याने नाटक परस्पर जाहीर करून टाकलं, तेव्हा बाई रिकाम्या रंगमंचासमोर जाऊन बसल्या आणि त्यांना तिथे स्वयंपाकघर दिसू लागलं. आयोवात बातमीदार असताना त्यांनी नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका शेतकरणीचा खटला पाहिला होता. नाटकात पुरुष पुरावा शोधत घरभर हिंडतात. बायकांना मात्र गोधडीचे मध्येच बिघडलेले टाके दिसतात, मोडका पिंजरा दिसतो, मान मुरगळलेला पक्षी सापडतो. आणि त्या गप्प राहतात.

गृहस्थांना पटलं नाही. माझं मत कायम आहे: त्या उन्हाळ्यातलं थोर नाटक 'ट्रायफल्स'च. तीन पुरुष, दोन बायका, एक स्वयंपाकघर, एवढंच त्याला लागतं. एकांकिका स्पर्धांसाठी संहिता शोधणाऱ्या मंडळींनी ते जरूर वाचावं.