शाहू महाराजांचे नाटकघर

महालक्ष्मी एक्सप्रेस रोज रात्री आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरवरून धडधडत कोल्हापूरला जाते, पण थांबत नाही. ती पकडायची तर लोकलने उलटे कल्याणला जावे लागते. जून २०२५ मध्ये शाहू जयंतीसाठी मी, सौ. आणि आमची मुलगी असे तिघे कल्याणला गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात खिडकीतून आपलेच अंबरनाथ मागे पळताना पाहिले.

घरातून निघताना आम्हा बापलेकीत अबोला होता. कॉलेजच्या एकांकिकेत तिला काम मिळाले होते. मी बी. कॉम. होऊन कारकुनीला लागलेला माणूस. म्हणालो, "नाटकं करून पोट भरतं का? आधी पदवी घे." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी सौ.ने मध्यस्थी केली. "अहो, कोल्हापूरला चाललोच आहोत, तर तिला शाहू महाराजांचं नाटकघर तरी दाखवा."

सकाळी ज्या स्टेशनावर उतरलो त्याचेही नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला वंदन केले, जयंतीची गर्दी पाहिली आणि खासबागेकडे निघालो.

या खासबागेची हकीकत वाचकांना माहीत असावी. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्याच प्रवासात त्यांनी रोम शहरातील जुने प्रचंड क्रीडागृहही पाहिले. हजारो माणसे गोलाकार बसून एकच खेळ पाहू शकतात, ही गोष्ट त्यांच्या मनात भरली. गावी आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधून घेतले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. मागच्या माणसालाही कुस्ती नीट दिसावी, अशी ही रचना. १९१२ साली हे मैदान तयार झाले. पुढच्याच वर्षी त्याला लागून नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ साली ते उभे राहिले. नाव ठेवले पॅलेस थिएटर. एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला नट! राजाच्या लेखी दोघांचीही किंमत सारखीच.

स्वातंत्र्यानंतर या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९०चा. ज्या वयात मुले शाळेत जातात त्या वयात ते नाटक कंपनीत गेले आणि 'शारदा' नाटकातील शारदेच्या कामाने गाजले. १९०८ साली, अठरा वर्षांचेही पुरते नसताना, त्यांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' कंपनी काढली. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्याच्या प्रश्नावरचे नाटक याच कंपनीने रंगभूमीवर आणले. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून 'मानापमान' केले. त्या संयुक्त प्रयोगाची आठवण अजून निघते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. वय अवघे ३१.

हे सारे मी मुलीला वाटेत सांगत होतो. नाट्यगृहासमोर आलो आणि बोलणे थांबले.

८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री या नाट्यगृहाला आग लागली. छप्पर कोसळले, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. उरल्या त्या दगडी भिंती. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आहे त्याच जागी, जुन्या रूपातच ते पुन्हा बांधायचे, असे पुढे ठरले. आम्हाला आत जाता येत नव्हते, म्हणून बाहेरूनच पाहिले. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांना मी त्या रात्रीविषयी विचारले. ते म्हणाले, "सगळं गाव इथं उभं हुतं बघा. घरातलं माणूस गेल्यागत लोक रडत हुते."

खरे सांगतो, आधी माझ्या मनात आले की आपल्या माणसांच्या कलेला छप्पर होते तरी कधी? माझे वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते आणि रात्री जलशात गात. चार बाकडी जोडली की झाला रंगमंच. वर आभाळ, समोर पेट्रोमॅक्स. पडदा म्हणून माझ्या आईचे लुगडे बांधलेले मला आठवते. त्या जलशांनी वस्त्यांना शहाणे केले. पण त्यांच्या गाण्याची ना कुठे नोंद राहिली, ना त्या जागेची खूण. वडिलांबरोबर त्यांची गाणीही गेली.

मग वाटले, म्हणूनच तर छप्पर हवे! महाराजांनी वसतिगृहे बांधली तशी नाटकघरही बांधले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून दाखवणारा हा राजा. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात सर्वांसमोर चहा पिणारा हा राजा. माणसाला शाळा हवी, नोकरी हवी, तशी चारचौघांत उभे राहून बोलायला जागाही हवी, हे त्याला कळत होते. मी मात्र मुलीला फक्त नोकरीच दाखवत होतो. 'घोटभर पाणी', 'किरवंत' लिहिणारे प्रेमानंद गज्वी २०१९ साली नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मीच ऑफिसात पेढे वाटले होते. ते पेढे वाटणारा बाप घरात वेगळाच निघाला.

संध्याकाळी खाऊगल्लीत भेळ खाताना मुलगी म्हणाली, "पप्पा, आजोबा पदवी घेऊन गात होते का?" सौ. हसली. मला उत्तर सुचले नाही. सांगितले एवढेच, "तालमीला जा. पण अभ्यास बुडता कामा नये. आणि रात्री घ्यायला मी येईन."

तेव्हापासून तालमीच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी थेट कल्याणला उतरतो. तालीम संपेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसतो आणि मग आम्ही दोघे बदलापूर लोकलने घरी येतो.

वाचक बंधुभगिनींनो, कोल्हापूरला गेलात तर पन्हाळा बघा, रंकाळा बघा, पण खासबागेतील त्या दगडी भिंतींपुढे पाच मिनिटे मुलाबाळांसह उभे राहा. आपल्याजवळ कल्याणचे अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. वर्षातून एकदा तरी सगळ्या घराने तिथे जावे. आणि घरातले मूल रंगमंचावर जातो म्हणाले, तर माझ्यासारखी पोटाची चिंता आधी पुढे करू नये.