ओट्यावरची सावली

कशेळ्याकडचं आमचं जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा फॉल्स सिलिंगचा हट्ट माझा. हॉलमध्ये बारा दिवे, स्वयंपाकघरात मधोमध चार, सगळे ६५०० केल्विनचे पांढरेफेक. वास्तुशांतीला आलेले पाहुणे म्हणाले, "दिवाळीच केलीस की!" मी खूश.

पंधरा दिवसांत आईची तक्रार आली. मेथी निवडताना दिसत नाही म्हणे. एवढ्या उजेडात? चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणालो. त्या संध्याकाळी तिने मला ओट्याशी उभं केलं, हातात सुरी दिली. "चिर कांदा." दिवे माझ्या पाठीशी, त्यामुळे माझ्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली नेमकी कांद्यावर. बोट कुठं, पातं कुठं, कळेना. चूक वायरमनचीही नव्हे. ओटा कुठे येणार हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

मग पहिला पाऊस झाला आणि पांढऱ्या उजेडावर पंखवाल्या वाळवीची झुंबड उडाली. सकाळी सुपलीभर पंख निघाले, दोन आमटीत. निळसर-पांढऱ्या उजेडाला किडे जास्त येतात, पिवळसरला कमी, हे ज्ञान मला असं झालं.

ओट्यावरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावली. हॉलमधले आठ दिवे कायमचे बंद केले आणि झोपाळ्याशेजारच्या भिंतीवर २७०० केल्विनचा एक पिवळसर दिवा लावला. आईच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गुडघ्याखाली दोन वॉटचे छोटे दिवे. रात्री उठलं तरी डोळे दिपत नाहीत. छत मात्र दोनदा फोडावं लागलं.

तशी वीज आमच्या भागाला नवी नव्हे. खोपोलीच्या वीजघरातली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना गेली, आमच्याच तालुक्यातलं भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. आजीचा संसार मात्र कंदिलावरच झाला. तो कंदील ती चुलीच्या डाव्या अंगाच्या खुंटीला टांगायची. का, हे आईने आत्ता सांगितलं: "उजव्या हाताची सावली पडू नये म्हणून. घर बांधणाऱ्या तुझ्या इंजिनियरला विचार, त्याला ठाऊक होतं का?"

घर बांधायला काढलं असेल, तर वायरमन यायच्या आधी घरात स्वयंपाक करणाऱ्याला नुसत्या विटांच्या भिंतीसमोर उभं करा. त्याचे हात जिथे येतील, तिथे खडूने खूण करून ठेवा.